रेघेवरचे दोन मीटर

वर्बीना, ११ सप्टेंबर १९९४

मनोल,

तू बरा असशील असं धरून चालते. फोन केला असता, पण धरणाच्या चौकीतल्या फोनवरचं बोलणं वर नोंदलं जातं असं तूच सांगितलं होतंस, आणि मला जे बोलायचंय ते नोंदण्यासारखं नाही.

आजपासून भातकापणी. कापण्यासारखं निम्मंच आहे. १८ जुलैला तुम्ही कालवा बंद केलात तेव्हा लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. वरच्या खाचरांत दाणा भरलाच नाही. लोंबी मुठीत चोळली की नुसती फोलपटं उडतात. आमच्या संस्थेत एकशे बारा कुटुंबं आहेत आणि अध्यक्ष मी. परवाच्या सभेत आमचा पंपघरवाला स्पिरिदोन उठला आणि शांतपणे म्हणाला, की अध्यक्षबाईंचा सख्खा मावसभाऊ स्तुदेन कामिक धरणाचा प्रमुख आहे, आणि आपण मात्र आभाळाकडे बघतोय. लोक हसले. मीही हसले. न हसून करते काय?

आता मला सरळ उत्तर दे. एप्रिलमध्ये तुमचं धरण चार मीटर रिकामं होतं. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी येत होतं आणि तुम्ही ते खाली सोडून देत होतात. मी स्वतः पुलावर उभी राहून पाहिलंय, आमच्या नाकासमोरून मारित्सा नदीकडे चाललेलं. ते चार मीटर ठेवले असते तर ऑगस्ट निघाला असता. का सोडलंस? सातवीपर्यंत माझ्या आईच्या हातचं जेवलास तू, तेव्हा एवढं विचारायचा मला हक्क आहे.

वेलिच्का


स्तुदेन कामिक, २५ सप्टेंबर १९९४

वेलिच्काताई,

तुझं पत्र मिळालं. सरळ उत्तर देतो, आवडेल असं नाही.

या धरणाची चार कामं आहेत. शहराला प्यायला पाणी, वीजगृहाला पाणी, तुमच्या कालव्याला पाणी. या तिघांना धरण भरलेलं हवं. चौथं काम पूर अडवण्याचं, आणि त्याला धरण रिकामं लागतं. पहिल्या तिघांना तोंडं आहेत. ते फोन करतात, पत्रं लिहितात, मंत्र्यांना भेटतात. चौथ्याच्या बाजूने बोलायला माझ्या खोलीतल्या भिंतीवरचा एक तक्ता आहे. त्यावर लाल रेघ आहे, कोणत्या महिन्यात पाणी कुठवर चढू द्यायचं त्याची. पंधरा मेपर्यंत ती रेघ काठोकाठ पातळीच्या चार मीटर खाली आहे. बर्फ वितळत असताना वर उबदार पाऊस पडला तर दोन्ही पाणी एकदम येतं. ते मावायला चार मीटर लागतात. रेघ आखणारा माणूस कधीच वारला, पण त्याचं गणित मी तीनदा तपासलं आहे.

यंदा तो पाऊस आला नाही. म्हणून तुम्हाला वाटतं मी पाणी वाया घालवलं. पाऊस आला असता तर तुम्हाला काहीच वाटलं नसतं, कारण काहीच झालं नसतं. माझ्या नोकरीत याच्यापेक्षा जास्त कौतुक नाही.

स्पिरिदोनला सांग, मलाही आभाळाकडेच बघावं लागतं.

मनोल


वर्बीना, ३ मार्च १९९५

मनोल,

परवा एक मार्च होता, म्हणून वसंताचा लाल-पांढरा दोरा सोबत ठेवलाय. मनगटाला बांध. पन्नाशी उलटली म्हणून लाजू नकोस. सप्टेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही ते रागावले होते म्हणून. अजूनही आहे, पण आता कामाचं बोलू.

यंदा पुन्हा पाणी तुटलं तर संस्था राहणार नाही. अकरा कुटुंबं शहरात गेली. ज्यांना पन्नास वर्षांनी सरकारकडून आपली जमीन परत मिळाली तेच ती पडीक टाकून चाललेत. उरलेले विचारतात, यंदा पेरायचं का? भात पाण्यात उभं राहतं, मनोल, गव्हासारखं देवाच्या भरवशावर सोडता येत नाही. मी त्यांना काय सांगू? तक्त्यावर एक रेघ आहे म्हणून?

तुझं गणित बरोबर असेल. पण तू या धरणावर सव्वीस वर्षं आहेस. या सव्वीस वर्षांत तुझे ते चार मीटर किती वेळा भरले? तूच मागे जेवताना सांगितलं होतंस: एकदा, आणि तेही पूर्ण नाही. म्हणजे पंचवीस वर्षं ते पाणी फुकट गेलं. मी चार मागत नाही. दोन ठेव. दोन मीटर पुराला, दोन आम्हाला. सगळ्या मोठ्या माणसांना धरण भरलेलंच हवंय, तेव्हा तुला कोणी जाब विचारणार नाही.

हे पत्र अध्यक्ष म्हणून लिहितेय आणि बहीण म्हणूनही. ज्याने काम होईल ते धर.

कोंबड्यांवर रोग आला होता, सात गेल्या. तुझ्यासाठी अंडी ठेवली होती ती आता ईस्टरला लागतील.

वेलिच्का


स्तुदेन कामिक, २ एप्रिल १९९५

ताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर ठरत नव्हतं.

वर डोंगरात एक मीटर चाळीस सेंटिमीटर बर्फ आहे. जास्त आहे, पण भीती वाटावी इतकं नाही. मी खालचा विसर्ग कमी केला आहे. महिनाअखेर पाणी रेघेच्या दोन मीटर वर असेल. तिथे थांबवीन.

तुला हवं होतं ते झालं. दोन गोष्टी पाळ. कोणाला सांगू नकोस. आणि नदीकाठचं खालचं शिवार पेरू नका, पाणी पुरेल असं वाटलं तरी.

दोरा बांधला आहे. चौकीतले हसले.

मनोल


वर्बीना, २५ एप्रिल १९९५

मनोल,

परवा ईस्टर झाला. तुझ्या नावाचं लाल अंडं माझ्या अंड्यावर आपटलं. माझं फुटलं, तुझं टिकलं.

तुझ्यापासून लपवत नाही: मी सांगितलं. सगळ्यांना नाही, संचालकांना सांगितलं, म्हणजे सगळ्यांनाच. सभेत पेरायचं की नाही यावर दोन तास वाद चालला होता. अर्धे लोक बी विकून टाकायला निघाले होते. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, पाणी आहे, दोन मीटर जास्त आहे, मला पक्कं माहीत आहे. त्यानंतर वाद राहिलाच नाही. स्पिरिदोनने घरची राकी आणली आणि तुझ्या नावाने प्याले उचलले. गेल्या वर्षी तुझ्या नावाने काय काय उचललं होतं ते तुला न सांगितलेलंच बरं.

खालचं शिवारही पेरलं. रागावू नकोस. गेल्या वर्षी ज्यांचं गेलं त्यांना यंदा जास्त पेरावं लागतंय. तिथे कालवा पोहोचत नाही, म्हणून पंपघरात दुसरा पंप बसवलाय. स्पिरिदोन त्याला बाळासारखा पुसतो. त्याची बायको लाल्का म्हणते, लग्नानंतर त्याने तिच्याकडे कधी एवढं बघितलं नव्हतं.

खाचरांत पाणी उभं आहे. सकाळी त्यात सगळा डोंगर दिसतो. येऊन जा एकदा.

वेलिच्का


स्तुदेन कामिक, २९ एप्रिल १९९५

ताई,

खालच्या शिवारात रोज कोण कामाला असतं, किती माणसं, आणि ग्रामकचेरीतला फोन दिवसभर कोण उचलतं, एवढं मला लगेच कळव. बाकी नंतर बोलू.

बर्फ अजून एक मीटर दहा आहे. या तारखेला ऐंशी असायला हवं होतं.

मनोल


वर्बीना, २० मे १९९५

मनोल,

तू माणसांची यादी मागितली होतीस. मी ती पाठवली नाही. कामाच्या गडबडीत राहून गेली. आता ज्याने त्याने काय पाहिलं ते विचारत लोक फिरतायत, म्हणून मी पाहिलेलं तुला लिहिते.

नऊ तारखेला सकाळी पाऊस चालू होता, आदल्या दिवसापासूनचा. गरम पाऊस, अंगाला लागला तरी थंडी वाजत नव्हती. सव्वानऊला मी ग्रामकचेरीत होते आणि फोन मीच उचलला. तू म्हणालास, "ताई, अकराला दरवाजे उघडतोय. सेकंदाला तीनशे दहा घनमीटर सोडावे लागणार. खालच्या अंगाला कोणी ठेवू नकोस." मी विचारलं, नदीत मावतं किती. तू म्हणालास, दीडशे. मग तू फोन ठेवलास.

मी चर्चची घंटा वाजवायला लावली. खालच्या आळीत चौतीस घरं. दीड तासात सगळी रिकामी झाली. म्हाताऱ्या वासीलला खुर्चीसकट उचलून आणलं. तो सबंध वाटभर शिव्या देत होता. गुरंसुद्धा वर आणली. स्पिरिदोनही वर आला होता. लाल्का आणि तो शाळेच्या पायऱ्यांवर उभे होते, मी त्यांना मोजलं होतं. मग तो म्हणाला, नवी मोटर वर उचलून साखळीला अडकवून येतो, दहा मिनिटांचं काम. लाल्का म्हणाली, जाऊ दे ती मोटर. तो म्हणाला, माझ्या हातांनी बसवली आहे. माझ्यासमोर बोलला हे. मी त्याला थांबवलं नाही. सव्वाअकरा झाले होते आणि मला वाटलं, पाणी यायला वेळ आहे.

पाणी बाराच्या आधी आलं. पंपघराची नदीकडची भिंत गेली. तो दुसऱ्या दिवशी पोपलरच्या झाडांत सापडला, दोन किलोमीटर खाली.

बाकी कोणी गेलं नाही. एकोणीस घरांत चिखल भरला, सात पडली. खालच्या शिवारात भात नाही, वाळू आहे. वरच्या शिवारात भात आहे, छान आहे.

त्याच्या फोटोची निधनपत्रकं गावभर लावली आहेत, पंपघराच्या उरलेल्या भिंतीवरही. काल लाल्काने मला चर्चबाहेर थांबवलं. रडत नव्हती. म्हणाली, "धरण भरायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, विचारून सांगते.

विचारतेय.

वेलिच्का


स्तुदेन कामिक, २ जून १९९५

ताई,

स्पिरिदोनचं ऐकून वाईट वाटलं. मी त्याला दोनदा भेटलो होतो. लाल्काला माझा निरोप देऊ नकोस, तिला तो नको असेल.

तिला सांग की पातळी वाढवायचा आदेश वरून आला होता. वीज आणि शहर, दोघांच्या मागणीवरून. मी फक्त अंमल केला. तुझ्या पत्राचा याच्याशी संबंध नाही. ते आलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून मी तसं लिहिलं होतं.

हे खरं समज आणि झोप.

मनोल


वर्बीना, १७ जुलै १९९५

मनोल,

लाल्काला मी तुझं उत्तर सांगितलं होतं. स्पिरिदोनच्या चाळिसाव्या दिवशी तिच्या अंगणात उकडलेला गहू वाटत होते तेव्हा सांगितलं, सगळ्यांसमोर: वरच्यांनी भरायला लावलं, माझ्या भावाचा दोष नाही. तिने मान हलवली आणि माझ्या हातावर गहू ठेवला.

गेल्या बुधवारी चौकशी समिती आली. तीन माणसं. एक तरुण बाई टिपणं घेत होती. शाळेत बसले होते. मी गेले आणि म्हटलं, आदेश ज्याने दिला त्याला धरा. त्यातला म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, असा आदेश कुठेच नाही." मग त्याने फाईल उघडली आणि माझं पत्र वाचून दाखवलं. माझं, तीन मार्चचं. वर शिक्का होता, आवक क्रमांक ४७, पाटबंधारे, शेतकऱ्यांची मागणी. "दोन मीटर पुराला, दोन आम्हाला." मी लिहिलेलं वाक्य परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं. लाल्का मागच्या बाकावर बसली होती.

तू माझ्याशी खोटं बोललास आणि मी ते खोटं चाळिसाव्याच्या गव्हाबरोबर वाटलं. आणि माझं खाजगी पत्र तू क्रमांक घालून फाईलला लावलंस. यातलं जास्त काय लागलं ते मला सांगता येत नाही.

वेलिच्का


स्तुदेन कामिक, ३० जुलै १९९५

ताई,

पाण्याबद्दल जे काही लेखी येतं ते आवक वहीत घालायचं असतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी घातलं. कोंबड्यांचा मजकूर कागद लावून झाकला होता. तो उघडला असेल तर त्यांनी उघडला.

समिती यायच्या आधी ते पान काढता आलं असतं. वही माझ्या ताब्यात होती. सत्तेचाळीस गेला असता आणि शेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आला असता. मी एक दुपार ती वही समोर घेऊन बसलो. मग तशीच ठेवून दिली. याचं कारण प्रामाणिकपणा होतं असं मला म्हणवत नाही. सव्वीस वर्षांची सवय होती.

आता खरं. आदेश नव्हता. मार्चअखेर मी संचालनालयात फोन करून विचारलं होतं, रेघ ओलांडू का. तिकडचा माणूस म्हणाला, तुम्ही जागेवर आहात, तुम्हीच बघा, पण कागद करू नका. वीजगृहाने विचारलं, भरणार ना? शहराने विचारलं, भरणार ना? सगळ्यांना धरण भरलेलं हवं होतं आणि कागदावर कोणालाच नको होतं. पण मी त्यांच्यामुळे भरलं नाही. त्यांना मी दर वर्षी नाही म्हणतो. तुझं पत्र वाचून भरलं. त्यात गणित चूक नव्हतं. सव्वीस वर्षांत एकदा, हे खरंच आहे. सत्ताविसावं वर्ष कोणतं असेल ते त्यात लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

चार मीटर रिकामे असते तर त्या दिवशी दीडशेच सोडावे लागले असते. मी हे पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. दर वेळी दीडशेच येतं.

तू लाल्कासमोर मान वर करून जावंस म्हणून खोटं लिहिलं. ते जमलं नाही. समितीला मी सगळं लिहून दिलं आहे. फोनवरच्या माणसाने आपल्याला काही आठवत नाही असं सांगितलं. तो फोन त्या दिवशी नेमका नोंदला गेला नव्हता.

मनोल


वर्बीना, १२ नोव्हेंबर १९९५

मनोल,

रागाला साडेतीन महिने पुरले.

तुझं जुलैचं पत्र घेऊन मी लाल्काकडे गेले आणि तिला वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग माझं सांगितलं: पत्र मी लिहिलं, गुप्त ठेवायचं ते सभेत सांगितलं, खालचं शिवार पेरू नका म्हणून तू बजावलंस तरी पेरू दिलं. त्या शिवारासाठी दुसरा पंप आला. ती भाजलेल्या मिरच्या सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी मिळून." मी म्हटलं, पण सुरुवात माझी. ती म्हणाली, "हो, तुझी." आणि मिरच्या सोलत राहिली. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. थोड्या वेळाने मी उठले.

तुला प्रमुखपदावरून काढल्याचं पेपरात वाचलं. पुढे काय?

वरच्या शिवारात यंदा दहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं भात झालं. कापून झाल्यावर प्याले मात्र कोणी उचलले नाहीत.

वेलिच्का


बोरोवा ठाणं, ४ फेब्रुवारी १९९६

ताई,

पुढे हे: मला बर्फ मोजायला पाठवलं आहे. धरणाच्या वर चौदा ठिकाणी खुणा आहेत. आठवड्यातून एकदा त्या सगळ्या फिरायच्या, नळी खुपसायची, बर्फाची उंची आणि वजन लिहायचं. सोबत खेचर आहे. पगार निम्मा आहे, फोन नाही, आणि मला भरलेलं की रिकामं हे कोणी विचारत नाही. पहिला आठवडा अपमान वाटला. आता सकाळी लवकर निघायची घाई होते.

तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. लाल रेघ ठरवायला आता खोऱ्याची समिती केली आहे. एकट्या धरणप्रमुखाच्या हातात ठेवायचं नाही असं चौकशीत ठरलं. शहराचा एक, विजेचा एक, दोन अभियंते, शेतकऱ्यांचा एक. शेतकऱ्यांच्या जागेसाठी तुझं नाव पाठवलंय असं ऐकलं. मुदत दोन वर्षं. मार्चमध्ये पहिली बैठक.

मी काही सुचवत नाही. यंदा बर्फ कमी आहे. बासष्ट सेंटिमीटर. लोक म्हणतील, यंदा रेघ वर न्यायला हरकत नाही. आकडा त्यांच्याच बाजूने आहे. तुला कळावा म्हणून कळवला.

मनोल


वर्बीना, २९ सप्टेंबर १९९६

मनोल,

बैठकीचं तुला नीट लिहिलंच नाही, कारण शेवट कसा होतो ते बघत होते. आता झाला.

मार्चमध्ये शहरात गेले. लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. विजेचा माणूस म्हणाला, बर्फ कमी आहे, दोन मीटर वर नेऊ. शहराचा म्हणाला, नेऊ. एक अभियंता नेऊ म्हणाला, दुसरा नको. मग सगळे माझ्याकडे वळले आणि हसले. त्यांच्या हिशेबी माझं मत मोजून झालं होतं. बैठक चालवणारे अध्यक्ष म्हणाले, शेतकऱ्यांना तर हवंच असणार. मी म्हटलं, "शेतकऱ्यांना हवंय. मी नको म्हणतेय." त्यांनी कारण विचारलं. मी गणित सांगितलं नाही, ते तुझं काम. मी नऊ मेची सकाळ सांगितली, सव्वानऊपासून बारापर्यंत. शहराच्या माणसाने मत बदललं. रेघ होती तिथेच राहिली, चार मीटर खाली.

पूर आला नाही. एप्रिलमध्ये पाणी पुलाखालून वाहत मारित्साकडे गेलं, आणि मी पुलावर उभी राहून ते पाहिलं. जूनपासून पाऊस नाही. २२ जुलैला कालवा बंद झाला. निम्मं भात पोचट निघालं.

परवा संस्थेची सभा होती. मला अध्यक्षपदावरून काढलं. आरडाओरडा झाला नाही. वासीलच्या मुलाने ठराव मांडला, की आपल्याच माणसाने आपलं पाणी सोडायला लावलं. हात वर झाले. मी मोजले, त्र्याहत्तर. त्यात लाल्काचाही होता. खोऱ्याच्या समितीवरून मला त्यांना काढता येत नाही, ती मुदत अजून दीड वर्ष आहे.

घरी येऊन मी काहीच केलं नाही, बसून राहिले. तुझं पहिलं उत्तर आठवलं, काहीच न झाल्याचं कौतुक कोणी करत नाही ते. तेव्हा मला ती तुझी कुरकुर वाटली होती.

आज सकाळी लाल्का आली. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या फाटकातून आत आली. मी चुलीवर मिरच्या भाजत होते. तिने न विचारता सुरी घेतली, बाजूला बसली आणि सालं काढायला लागली. अर्धी टोपली सोलून झाली. मग म्हणाली, "परवा मी हात वर केला."

"पाहिला," मी म्हटलं.

"माझं सगळं गेलं यंदा. तीनही खाचरं. राग आला होता, म्हणून केला."

मी म्हटलं, बरोबर आहे.

तिने सुरी पुसली. "पण पुढच्या मार्चमध्ये तू तुझं मत बदलू नकोस," म्हणाली, आणि पुढची मिरची घेतली.

वेलिच्का